सर्व्हिसच्या नोंदी नसलेली जुनी गाडी घ्यावी का?

प्रश्न : मी वापरलेली मोटार विकत घेण्याच्या विचारात आहे. पाहिलेली गाडी नऊ वर्षांची असून पेट्रोलवर चालणारी, टर्बो इंजिनाची आणि ऑटोमॅटिक गिअरची आहे. मीटरवर ९२,००० किलोमीटर दिसतात. सध्याचे मालक हे तिचे दुसरे मालक. पहिल्या मालकाकडून सर्व्हिस बुक मिळालेच नाही, आणि आपण स्वतः ओळखीच्या गॅरेजमध्ये वेळच्या वेळी ऑइल बदलत आलो, मात्र बिले जपली नाहीत, असे ते सांगतात. गाडी दिसायला स्वच्छ आहे, चालवून पाहिली तेव्हा इंजिनाचा आवाजही शांत वाटला आणि याच मॉडेलच्या, नोंदी असलेल्या गाड्यांपेक्षा ती बरीच स्वस्त आहे. घरात दोन मते पडली आहेत. आज उत्तम चालणाऱ्या गाडीचे जुने कागद पाहून काय करायचे, असे एकाचे म्हणणे. तर जिथे कागद नाहीत तिथे कुठेतरी पाणी मुरते आहे, असे दुसऱ्याचे. आपले मत काय?
— एक वाचक

उत्तर : विक्रेते खरे बोलत असतीलही. सर्व्हिस बुक हरवणे, मालक बदलताना ते मागे राहणे, बाहेरच्या गॅरेजमध्ये काम करून बिल न घेणे या रोजच्या गोष्टी आहेत आणि एवढ्यावरून कोणाच्या हेतूवर शंका घेण्याचे कारण नाही. तथापि त्यांचा प्रामाणिकपणा सिद्ध झाला तरी पहिल्या मालकाने गाडी कशी वापरली हे त्यांनाही ठाऊक नसणार. म्हणून नोंदी का नाहीत यावर फार वेळ न घालवता, देखभालीत जर हयगय झाली असेल तर त्यातली कोणती आता पैसे खर्चून भरून काढता येते आणि कोणती येत नाही, एवढे आपण वेगळे करावे. निर्णय जवळजवळ सगळा यावरच अवलंबून आहे.

भरून काढता येण्याजोगी यादी मोठी आहे, पण ती काळजीची नाही. कूलंट, ब्रेक ऑइल, एअर फिल्टर, स्पार्क प्लग, बाहेरचे पट्टे, बॅटरी, टायर हे सगळे नव्याने करता येते आणि केले की मागचा हिशेब मिटतो. येथे नियम एकच : ज्याचे बिल नाही ते काम झालेलेच नाही असे धरावे. उदाहरणार्थ, ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते आणि म्हणून बहुतेक उत्पादक ते साधारण दोन वर्षांनी बदलावयास सांगतात. डॉट ४ दर्जाचे ताजे ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, त्यात ३.७ टक्के पाणी शिरले की हीच मर्यादा १५५ अंशांपर्यंत उतरू शकते, आणि लांब उतारावर ब्रेक तापल्यावर ती ओलांडली गेली की पेडल मऊ पडते. विक्रेते ‘बदलले आहे’ म्हणाले तरी आपण ते बदलून घ्यावे. अशा सर्व कामांचा अंदाजी खर्च एखाद्या चांगल्या गॅरेजकडून भाव ठरवण्याआधी लेखी घ्यावा, कारण स्वस्ताईचा खरा आकडा तो खर्च मिळवल्यानंतरच कळतो.

इंजिनाचे व्हॉल्व्ह आणि पिस्टन एका तालात चालवणारा टायमिंग बेल्ट याच यादीत बसतो, पण त्याची गोष्ट थोडी वेगळी आहे. या मॉडेलमध्ये बेल्ट आहे की साखळी, हे प्रथम पाहावे. बेल्ट असेल तर उत्पादकाने त्याला किलोमीटर आणि वर्षे अशा दोन्ही मर्यादा घालून दिलेल्या असतात आणि जी आधी येईल ती पाळायची असते. नऊ वर्षांची गाडी कमी चालली असली तरी वयाच्या मर्यादेत ती अडकू शकते. बऱ्याच इंजिनांची रचना अशी असते की बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात आणि पूर्वसूचना न मिळता इंजिन उघडण्याची पाळी येते. तेव्हा बिल नसेल तर हा बेल्ट, त्याचा टेन्शनर (ताण राखणारा भाग) आणि त्याच पट्ट्यावर चालत असेल तर वॉटर पंप, हे पहिल्याच आठवड्यातले काम समजावे.

आता भरून न येणाऱ्या गोष्टींकडे येऊ. त्यात पहिली म्हणजे इंजिन ऑइलच्या बाबतीत झालेली हयगय. टर्बोचा, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंख्याचा, दांडा अतिशय वेगाने आणि प्रचंड उष्णतेत फिरतो आणि त्याचे बेअरिंग इंजिनाच्याच ऑइलवर तगून असते. ऑइल मुदतीपलीकडे वापरत राहिले की ते जळून त्याचा चिकट, डांबरासारखा थर आतल्या भागांवर बसतो आणि बारीक वाहिन्या अरुंद होत जातात. नंतर कितीही उत्तम ऑइल घातले तरी झालेली झीज परत जात नाही. आपण कदाचित ऑइलची पट्टी ओढून पाहिली असेल आणि ऑइल सोनेरी दिसल्याने समाधान मानले असेल. त्यावर विसंबू नये, कारण ते कालच बदललेले असू शकते. त्याऐवजी गार इंजिनावर ऑइल भरण्याचे झाकण उघडावे आणि त्या भोकातून टॉर्चच्या उजेडात आत पाहावे. धातूवर फिकट तपकिरी झाक असेल तर या वयाला ती स्वाभाविक आहे. मात्र काळा, जाड, बोटाने खरवडला तर नखात येणारा थर दिसला, तर गेल्या नऊ वर्षांची हकिगत विक्रेत्याला न विचारता कळली असे समजावे. तो थर एका रात्रीत पुसता येत नाही. झाकणाखाली दुधाळ फेस दिसला तर लगेच घाबरू नये. थंड हवेत अगदी छोट्या अंतरांसाठी गाडी वापरली तरी तो जमतो. पण तसाच फेस पट्टीवरही असेल किंवा कूलंटची पातळी उतरलेली असेल, तर हेड गॅस्केट (इंजिनाच्या दोन भागांमधील सील) गळून कूलंट ऑइलमध्ये मिसळत असल्याची शंका घ्यावी लागते.

गाडी आपण चालवून पाहिली, पण ती गार होती का? हा प्रश्न मी मुद्दाम विचारतो आहे. तापलेले इंजिन बरेच काही झाकून नेते. पुन्हा जाताना आपण येईपर्यंत गाडी सुरू करू नये असे विक्रेत्यांना आधी सांगावे आणि पोहोचल्यावर प्रथम बोनेटला हात लावून ती खरोखर गार असल्याची खात्री करावी. सुरू होताच काही सेकंद साखळीचा खडखडाट ऐकू येणे म्हणजे साखळी सैल होणे किंवा टेन्शनर थकणे. त्या क्षणी निळसर धुराचा लोट आला तर ऑइल जळते आहे. रात्रभर उभ्या गाडीत ते बहुधा व्हॉल्व्हच्या सीलमधून उतरलेले असते. चांगले तापल्यावरही पांढरा, गोडसर वासाचा धूर येत राहिला तर कूलंट आत जात आहे. पाच-सात मिनिटे इंजिन नुसते चालू ठेवून मग एकदा जोर द्यावा आणि कोणाला तरी मागे उभे करून धूर पाहावयास सांगावे.

दुसरी भरून न येणारी गोष्ट म्हणजे गिअरबॉक्स, आणि येथे नोंदी असलेल्या गाड्यांचीही स्थिती फारशी बरी नसते, कारण अनेक उत्पादकांनी त्यातले ऑइल ‘आयुष्यभरासाठी’ असल्याचे जाहीर केल्यामुळे ते बदलल्याची नोंद सर्व शिक्के असलेल्या पुस्तकातही सापडत नाही. (कोणाच्या आयुष्यभरासाठी, हे मात्र कोणी सांगत नाही.) म्हणून या भागाची परीक्षा चालवूनच करावी लागते. गार अवस्थेत ब्रेक दाबून रिव्हर्स आणि मग ड्राइव्हमध्ये टाकावे; गिअर पडायला रेंगाळणे किंवा पडताना धक्का बसणे ही दोन्ही वाईट लक्षणे आहेत. रस्त्यावर हलक्या पायाने वेग वाढवताना, गिअर बदलण्याच्या क्षणी इंजिनाचे फेरे वाढतात पण गाडी पुढे जात नाही असे झाले, तर तेथेच थांबावे. गाडी पुरती तापल्यावर हीच तपासणी पुन्हा करावी.

नोंदी नाहीत म्हणजे त्या कुठेच नाहीत असेही नसते. चेसिस क्रमांक देऊन सध्याच्या मालकांनी अधिकृत सर्व्हिस सेंटरकडे विचारणा केल्यास, पहिल्या काही वर्षांची कामे तेथील संगणकात अनेकदा सापडतात. बोनेटखाली किंवा ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर पुढच्या सर्व्हिसचे स्टिकर राहिलेले असते आणि त्यावरचे किलोमीटर मीटरशी ताडून पाहता येतात. टायरच्या बाजूवरील DOT क्रमांकाचे शेवटचे चार अंक तो कधी बनला हे सांगतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. मीटर मागे फिरवल्याची शंका दूर करण्यासाठी पेडलवरचे रबर, स्टिअरिंगचे कातडे आणि ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची कड पाहावी. ९२,००० किलोमीटर म्हणजे वर्षाला सुमारे १०,०००. एवढ्या वापराने पेडलचे रबर गुळगुळीत होऊ नये. मेकॅनिकच्या स्कॅनरवर चूक-संकेत (गाडीच्या संगणकाने नोंदवलेले बिघाड) किती आहेत एवढेच न पाहता, ते पुसल्यानंतर गाडी किती किलोमीटर चालली, हेही बहुतेक गाड्यांत वाचता येते. तो आकडा वीस-तीस इतकाच असेल आणि गाडीचा संगणक आपोआप घेतो त्या स्वयंचाचण्याही अपुऱ्या दिसत असतील, तर दाखवण्यापूर्वी काहीतरी पुसले गेले आहे. बॅटरी काढल्यानेही तसे होऊ शकते, म्हणून कारण विचारावे आणि काही दिवस चालवल्यावर पुन्हा पाहावे.

आणखी एक साधी कसोटी आहे. विक्रेत्यांना सहज विचारावे की ते कोणत्या ग्रेडचे ऑइल घालत आणि कोणत्या गॅरेजमध्ये. जो मनुष्य खरोखर वेळच्या वेळी ऑइल बदलतो त्याला ग्रेड आठवला नाही तरी गॅरेजवाल्याचे नाव आणि फोन देता येतो. आणि गॅरेजवाल्याला ती गाडी आठवत असेल तर चार बिलांइतका त्याचा शब्द मोलाचा आहे. गाडी आपल्या पसंतीच्या मेकॅनिककडे नेऊन लिफ्टवर चढवण्यास आणि सिलिंडरचे कॉम्प्रेशन (आतला दाब) मोजण्यास त्यांनी नकार दिला, तर पुढची चर्चा थांबवावी. भाव कितीही उतरला तरी थांबवावी.

आपल्या गाडीपुरते सांगायचे तर टर्बो, ऑटोमॅटिक आणि कोरा इतिहास या तिन्ही गोष्टी एकत्र आल्याने माझा कल नकाराकडे आहे. साधे इंजिन आणि हाताचा गिअर असता तर मी बराच सैल राहिलो असतो. झाकणाखालचा भाग स्वच्छ निघाला, गार सुरुवात निर्मळ झाली, गिअरबॉक्सने दोन्ही वेळा तक्रार केली नाही आणि सर्व राहिलेल्या कामांचा खर्च मिळवूनही ही गाडी नोंदी असलेल्या गाडीपेक्षा ठळकपणे स्वस्त पडली, तर अवश्य घ्यावी. फरक थोडाच उरत असेल तर नोंदी असलेली घ्यावी. घरातल्या दोन्ही पक्षांना हा हिशेब कागदावर मांडून दाखवता येईल.

प्रश्न : मला दाखवलेल्या गाडीचे सर्व्हिस बुक शिक्क्यांनी भरलेले आहे, परंतु एकही बिल नाही. हे पुरेसे मानावे का?
— एक वाचक

उत्तर : शिक्का कोणालाही मारता येतो, कोणते ऑइल किती लिटर आणि कोणता भाग लागला हे बिलावरच असते. सर्व शिक्के एकाच शाईचे, एकाच हस्ताक्षरातील आणि एकाच बैठकीत मारल्यासारखे दिसत असतील तर अधिक सावध व्हावे. शिक्क्यावरील गॅरेजला दोन तारखा सांगून विचारणा करावी. दुजोरा मिळाला नाही तर या गाडीलाही नोंदी नाहीत असेच धरून वर दिल्याप्रमाणे तपासणी करावी.

प्रश्न : नोंदी नसलेली गाडी मी घेऊन चुकलो आहे. इंजिन ठीक वाटते. आतून स्वच्छ होण्यासाठी फ्लश करून घेऊ का?
— एक वाचक

उत्तर : तीव्र रसायनाचा फ्लश करू नये. आत थर असेलच तर त्याचे तुकडे सुटून ऑइल पंपाच्या जाळीत अडकू शकतात आणि मग इंजिनाला ऑइलच मिळत नाही. त्यापेक्षा उत्पादकाने सांगितलेल्या ग्रेडचे ऑइल आणि नवा फिल्टर घालून, पहिल्या दोन खेपा नेहमीच्या निम्म्या अंतरावर बदल करावा. काढलेला फिल्टर मेकॅनिककडून कापून घ्यावा. त्याच्या घड्यांत चकाकणारे धातूकण दिसले तर ते बेअरिंगचे असू शकतात आणि तेव्हा लांबचा प्रवास टाळून तपासणी करावी. गिअरबॉक्समध्येही यंत्राने दाब देऊन ऑइल बदलण्याऐवजी खालून काढून तितकेच वरून भरावे आणि काही हजार किलोमीटरनंतर तेच पुन्हा करावे. प्रत्येक कामाची तारीख, किलोमीटर आणि बिल एका वहीत लावत जावे. पुढे गाडी विकताना तुमच्याकडेही हाच प्रश्न विचारला जाणार आहे.