बालमजुरीचा कायदा आणखी कडक करायला हवा का?

हवाच, पण नुसती शिक्षा वाढवून भागणार नाही. २०१६ च्या दुरुस्तीनंतर १४ वर्षांखालील मुलाला कामावर ठेवल्यास ६ महिने ते २ वर्षं कैद किंवा २० ते ५० हजार दंड आहे, दोन्हीही होऊ शकतात. गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलिस वॉरंटशिवाय अटक करू शकतात.

खरं भगदाड आहे ते ‘कुटुंबाला मदत’ या सवलतीत. काम धोकादायक नसेल तर शाळेनंतर आणि सुट्टीत ती लागू होते, आणि कुटुंबात काका, आत्या, मामा, मावशीही धरले आहेत. आमच्या इंदुरात रात्री बाराला एक पोरगा चाटच्या गाडीमागे बादलीत प्लेटा विसळत होता. बोटं पांढरी पडलेली. मालकाला विचारलं तर म्हणाला, “भाचा आहे हो.” खरंखोटं तिथल्या तिथे कोण तपासणार?

माझ्या मते सवलत आईवडिलांपुरतीच ठेवावी, रात्रीच्या कामाला नियमांत आधीच असलेली बंदी काटेकोरपणे पाळली जावी आणि नातं सिद्ध करायची जबाबदारी मालकावर टाकावी. तोवर असं काही दिसलं तर १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन करा. चोवीस तास सुरू असतो, पैसे लागत नाहीत.