कायटोसान-अल्जिनेट ब्लेंडचा आयआर (इन्फ्रारेड) स्पेक्ट्रम काढताय? आधी हे वाचा

अरे, पहिल्यांदा करतोयस ना, मग केबीआर पेलेटच्या (पोटॅशियम ब्रोमाइड मिठात सँपल दळून दाबलेली चकती) नादी लागू नकोस. केबीआर हवेतलं पाणी ओढतं आणि आयनिक पॉलिमर दाबताना त्याच्याशी आयनांची अदलाबदलही होऊ शकते, मग आपण नक्की कशाचा स्पेक्ट्रम बघतोय तेच कळत नाही. सरळ एटीआर (सँपल क्रिस्टलवर थेट दाबून आयआर घ्यायची पद्धत) वापर, आणि फिल्मच्या दोन्ही बाजू घे, कारण एटीआर फक्त वरचे एक-दोन मायक्रॉन बघतो.

आता खरी गंमत. शोधायचाय तो अल्जिनेटचा कार्बोक्झिलेट आणि कायटोसानचा अमीन यांच्यातला आयनिक बंध (पुढचे आकडे सेमी⁻¹ मध्ये). अल्जिनेटचा कार्बोक्झिलेट 1600 आणि 1410 च्या आसपास दिसतो, कायटोसानचा अमाइड 1650 ला, अमीन 1590 ला, आणि ओलावा राहिला असेल तर पाणी 1640 ला येऊन मध्येच बसतं. म्हणजे सगळी गर्दी एकाच गल्लीत! म्हणून सँपल व्हॅक्यूममध्ये नीट वाळव, नाहीतर पीक सरकला म्हणून तू नाचशील आणि निघेल नुसतं पाणी.

माझी स्वतःची फजिती सांगतो, कायटोसान अ‍ॅसिटिक अ‍ॅसिडमध्ये विरघळवलेला, 1550 ला मस्त पीक आला, मी म्हटलं झालं, प्रोटोनेटेड (H⁺ घेतलेला) अमीन, आयनिक बंध सिद्ध! सर म्हणाले, अरे तो उरलेला अ‍ॅसिटेट असेल. तसंच निघालं. तेव्हापासून त्याच अ‍ॅसिडातून नुसत्या कायटोसानची फिल्म कंट्रोल म्हणून टाकतोच. शिवाय दोन्ही पॉलिमरचे स्पेक्ट्रम त्याच प्रमाणात बेरीज करून ब्लेंडशी ताडून बघ, जो फरक उरेल त्यावरच बोल. आणि 1730 ला काही उगवलं तर पीएच तपास, अल्जिनेट अ‍ॅसिड रूपात गेलेला असणार.