सोशल मीडियावर सरकारचं नियंत्रण असावं का, आणि असलं तर कुठपर्यंत?

मी आमच्या गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपचा ॲडमिन आहे. दोनशेच्या वर माणसं, त्यातली निम्मी पुण्या-मुंबईला. त्यामुळे तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला दरवर्षी गणपतीच्या आधी पोलीस ठाण्यातून लेखी मिळतं. त्या कागदाकडे नंतर येतो.

नियंत्रण नकोच असं मी म्हणणार नाही. १ जुलै २०१८ला धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, राईनपाड्याला बाजाराच्या दिवशी पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी, भिक्षा मागून पोट भरणारे. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, असे मेसेज तेव्हा गावोगाव फिरत होते. आमच्याही ग्रुपवर आला होता आणि खोटं कशाला बोलू, मीही तो सासुरवाडीच्या ग्रुपवर ढकलला होता. 'खरं असो-नसो, सावध राहिलेलं बरं' एवढाच विचार केला होता.

पण मेसेजने माणसं मारली म्हणून मोकळं होणंही सोयीचंच. त्याच सुमारास मालेगावातही अशाच अफवेवरून जमाव एका कुटुंबावर धावून गेला होता. तिथे पोलिसांनी त्यांना बाहेर काढलं आणि ती माणसं वाचली. अफवा तीच, फरक पोलिसांचा. त्यानंतर व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करायची मर्यादा घातली. मला हे पटतं. यात कोण काय बोलला हे कुणी तपासत नाही, नुसता वेग कमी होतो. सरकारने कंपन्यांच्या मागे लागावं ते अशा गोष्टींसाठी, खुशाल लागावं.

माझा विरोध सुरू होतो तो खरं काय आणि आक्षेपार्ह काय हे सरकारने ठरवायला घेतलं की. २०१२च्या नोव्हेंबरात बाळासाहेब ठाकरे गेले तेव्हा मुंबई का बंद ठेवायची, अशी पोस्ट पालघरच्या एका मुलीने टाकली, दुसरीने ती लाइक केली. दोघींना अटक झाली. लाइक केल्याबद्दल अटक! त्यात लावलेलं माहिती तंत्रज्ञान (आयटी) कायद्याचं ६६अ हे कलम, म्हणजे ऑनलाइन 'आक्षेपार्ह' मजकुरासाठी शिक्षेचं कलम, सुप्रीम कोर्टाने २४ मार्च २०१५ला श्रेया सिंघल खटल्यात रद्द केलं. तरी त्या मेलेल्या कलमाखाली पुढेही गुन्हे नोंदवले जात राहिले आणि २०२२मध्ये कोर्टाला पुन्हा बजावावं लागलं. पुढे केंद्राने स्वतःविषयीची बातमी खरी की खोटी हे ठरवायला स्वतःचाच कक्ष काढायचं ठरवलं. म्हणजे विद्यार्थ्यानेच आपला पेपर तपासायचा. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४मध्ये तो नियम घटनाबाह्य ठरवला.

मग हद्द कुठे? माझ्या मते हद्द कागदावर ठरते. अमुक पोस्ट काढा, अमुक कारणासाठी, खाली सही कुणाची, आणि ज्याची पोस्ट आहे त्याला त्याची प्रत. एवढं असेल तर माणूस कोर्टात जाऊ शकतो. सरकारला पोस्ट बंद करायला लावता येते त्या आयटी कायद्याच्या ६९अ कलमात निदान कारणं लेखी द्यायची आणि समितीपुढे जायचं बंधन आहे, पण त्याखालच्या नियमावलीतल्या नियम १६ मुळे सगळं गोपनीय. ज्याची पोस्ट उडते त्याला कित्येकदा का उडाली हेच कळत नाही. आता केंद्राच्या 'सहयोग' पोर्टलवरून त्याच कायद्याच्या ७९व्या कलमाखाली त्याहून सोप्या वाटेने कंपन्यांना पोस्ट काढायला कळवता येतं. 'एक्स' (पूर्वीचं ट्विटर) कंपनी त्याविरुद्ध कर्नाटक उच्च न्यायालयात गेली आणि सप्टेंबर २०२५मध्ये हरली. कोर्टाचा मान राखून सांगतो, मला तो निकाल पटलेला नाही.

आता माझा कागद. गुन्हा होण्याआधीच पोलीस देतात ती ताकीद. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या कलमावरून तिला 'एकशे एकोणपन्नासची नोटीस' म्हणायचे, नव्या संहितेत ते कलम १६८ झालंय, पण ठाण्यात अजून जुनंच नाव चालतं. 'आपल्या ग्रुपवर आक्षेपार्ह मजकूर प्रसारित झाल्यास आपणास जबाबदार धरण्यात येईल.' वास्तविक मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१मध्येच स्पष्ट केलंय की सदस्याने काही टाकलं आणि ॲडमिनचं त्याच्याशी संगनमत नसेल, तर ॲडमिन गुन्हेगार ठरत नाही. गोंदियाचं प्रकरण होतं ते. मी हवालदारसाहेबांना निकालाची बातमी मोबाइलवर दाखवली. त्यांनी चष्मा वर करून ती पूर्ण वाचली, "बरोबर आहे तुमचं" म्हणाले आणि रजिस्टर पुढे सरकवलं. "आक्षेपार्ह म्हणजे नेमकं काय हो?" मी विचारलं. "ते आल्यावर कळतं. इथे सही करा."

केली.

त्याच आठवड्यात एका पोराने ग्रुपवर फोटो टाकला. पाण्याचा टँकर वाडीत न येता एका पुढाऱ्याच्या शेततळ्यात रिकामा होतोय. पाइप, गाडीचा नंबर, सगळं स्पष्ट. खाली तीन-चार अंगठे आले. कुणीही मला फोन केला नाही, कुणी दम दिला नाही. मला ती सही आठवली आणि मी तो फोटो सगळ्यांसाठी डिलीट केला. पोराने नुसतं विचारलं, "दादा, काय झालं?"

त्याला अजून उत्तर दिलेलं नाही. ग्रुपवर सध्या फक्त वाढदिवस चालू आहेत.