एअरब्रश आणि पावसाळी हवा : वाचकांचे प्रश्न

स्केल मॉडेलं (विमानं, गाड्यांच्या छोट्या प्रतिकृती) एअरब्रशने, म्हणजे दाबलेल्या हवेने रंगाचा बारीक फवारा मारणाऱ्या साधनाने, रंगवणाऱ्या वाचकांचे प्रश्न या वेळी बरेच आले. त्यातले निम्मे तरी शेवटी हवेतल्या पाण्यापाशीच येतात, म्हणून सुरुवात तिथूनच.

प्रश्न : माझा टाकीवाला छोटा कॉम्प्रेसर आहे, एअरब्रशचं नोझल 0.3 मिमी. मे अखेरपर्यंत काम छान चाललं. पाऊस लागल्यापासून मात्र अर्ध्या तासाने रंगाबरोबर पाण्याचे थेंब उडतात आणि मॉडेल विमानाच्या पंखावर गोल डाग पडतात. रेग्युलेटरला मॉइश्चर ट्रॅप (हवेतलं पाणी अडवणारी बाटली) आहे, तरीही. कॉम्प्रेसर बिघडला का? (फोंडा)

उत्तर : कॉम्प्रेसर धडधाकट आहे, हवा ओली आहे. हिशोब करून पाहा. 30 अंश तापमान आणि 85 टक्के आर्द्रता असेल तर एक घनमीटर हवेत साधारण 25 ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात असतं. तीच हवा 3 बारपर्यंत दाबून पुन्हा खोलीच्या तापमानाला आली, की त्यातलं जेमतेम 7-8 ग्रॅम वाफ म्हणून टिकतं. उरलेलं पाणी होऊन कुठेतरी बसतं. एअरब्रश मिनिटाला 10-15 लिटर हवा खातो, म्हणजे तासाभराच्या कामात दोन-तीन छोटे चमचे पाणी निघतं.

आता अर्ध्या तासाचं कोडं. सुरुवातीला सगळं थंड असतं, त्यामुळे पाणी टाकीतच साचतं. कॉम्प्रेसर तापला की गरम हवा वाफ घेऊन ट्रॅपमधून तशीच पुढे जाते, कारण ट्रॅप फक्त थेंब अडवतो, वाफ नाही. ती हवा पुढे नळीत निवते आणि पाणी थेट ब्रशमध्ये उतरतं. म्हणून ट्रॅप कॉम्प्रेसरला चिकटून असून भागत नाही. नळी किमान 3 मीटरची घ्या, तिचा एक झोळ टेबलाखाली लोंबू द्या आणि ब्रशच्या खालीच बसणारा दुसरा छोटा फिल्टर जोडा. वीस मिनिटं काम, दहा मिनिटं कॉम्प्रेसर बंद, असा क्रम ठेवा. काम संपलं की टाकीत थोडा दाब शिल्लक असतानाच खालचा ड्रेन व्हॉल्व्ह उघडा. दाब शून्यावर आला की पाणी रेंगाळतं आणि टाकी आतून गंजते.

दुसरी बाजू वाळण्याची. बाटलीवरच्या सूचनेत दोन थरांमध्ये दहा मिनिटं सांगितली असतील, तर जुलैत अर्धा तास धरा. पाण्यातले अ‍ॅक्रिलिक रंग आधी पाणी उडून आणि मग रेझिनचे (रंग धरून ठेवणाऱ्या चिकट द्रव्याचे) कण एकमेकांना चिकटून पक्के होतात. खालच्या थरातलं पाणी अडकलेलं असताना वरचा थर मारला तर तो ओघळतो किंवा बोटाला मऊ लागत राहतो. एसी असेल तर ड्राय मोडवर तासभर आधी लावून ठेवा. नसेल तर हेअर ड्रायर कमी उष्णतेवर, हातभर अंतरावरून. जवळ नेला तर प्लास्टिकचा पातळ पंख वाकतो, आणि तो सरळ होत नाही.

प्रश्न : रंग पातळ करायला आयसोप्रोपिल अल्कोहोल घातलं. तामिया कंपनीचा रंग मस्त उडाला, वायेहो कंपनीचा मात्र कपात रबरासारखा गोळा झाला. दोन्ही बाटल्यांवर अ‍ॅक्रिलिकच लिहिलंय. (म्हापसा)

उत्तर : नाव एक, कुळं दोन. तामिया आणि मिस्टर हॉबीचे अ‍ॅक्रिलिक पाण्यात मिसळतात खरे, पण त्यांचं रेझिन अल्कोहोलमध्येही सुखाने राहतं. वायेहो म्हणजे पाण्यातलं इमल्शन, म्हणजे पाण्यात तरंगते रेझिनचे कण. अल्कोहोल पडलं की त्यातले कण फुटून एकत्र येतात, आणि असा गोळा परत पातळ होत नाही. त्याला त्याच कंपनीचा थिनर द्यावा. कोणतीही नवी जोडी आधी बाटलीच्या झाकणात तपासा : पाच थेंब रंग, पाच थेंब थिनर, ढवळून पाच मिनिटं थांबायचं. दाणे किंवा तार दिसली तर कपात घालू नका.

प्रमाणाचं म्हणाल तर (आधी रंग, मग थिनर) तामिया एकास एक, बारीक रेषांसाठी दोनास तीन. वायेहोचा एअरब्रशसाठीचा मॉडेल एअर बाटलीतून जवळजवळ तसाच, दहा थेंबांना दोन-तीन थेंब थिनर. त्यांचाच मॉडेल कलर साध्या, हातातल्या ब्रशने लावायचा रंग आहे, त्याला एकास एक तरी हवाच. दाब 15 ते 20 पीएसआय (साधारण 1 ते 1.4 बार). मात्र आकड्यांपेक्षा डोळ्यावर जास्त भरवसा ठेवा : काडीने रंग कपाच्या भिंतीवर वर ओढला, तर तो साय काढलेल्या दुधासारखा खाली यावा आणि मागे झिरझिरीत पापुद्रा राहावा. रंग पृष्ठभागावर कोळ्याच्या पायांसारखा पसरला तर तो जास्त पातळ आहे, दाब जास्त आहे किंवा ब्रश फार जवळ आहे. खरखरीत, धुळीसारखा बसला तर उलट : थेंब वाटेतच वाळतोय.

नुसतं पाणी घातलं तर रंग प्लास्टिकवर मणी होऊन बसतो, कारण पृष्ठताण मोडत नाही. दहा थेंबांना एक थेंब फ्लो इम्प्रूव्हर घाला. पाणी घालायचंच तर विहिरीचं नको, बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी घ्या. (शेजारच्या बाटलीतलं अ‍ॅसिड नव्हे, एवढं पाहून.) सुईच्या टोकावर रंग वाळून फवारा तुटायला लागला की क्लीनरमध्ये भिजवलेल्या मऊ ब्रशने टोक पुसा. डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या दुपारी हे दर चार-पाच मिनिटांनी करावं लागेल. पावसात हा त्रास कमी असतो, तेवढाच दिलासा.

प्रश्न : मास्किंग टेप काढली की रंगाचे पापुद्रे निघतात. (डिचोली)

उत्तर : बहुतेक वेळा दोष टेपचा नसतो, खालच्या तयारीचा असतो. साच्यातून सुटे भाग सुटावेत म्हणून लावलेलं तेल आणि आपल्या हाताचं तेल (खोबरेल लावून बसू नये) कोमट पाणी आणि भांड्यांच्या साबणाने धुवा. मग प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पहिला थर. पाण्यातला पॉलियुरेथेन प्रायमर सोयीचा असला तरी प्लास्टिकला चावत नाही, वरून पातळ कातड्यासारखा बसतो. त्याला एरवी 24 तास आणि पावसात 48 तास द्या, आणि त्याआधी घासायचा विचारही नको. टेप खूप लावायची असेल तर आमचं मत लॅकर (तीव्र थिनरवर बनलेल्या) प्रायमरला, घराबाहेर किंवा एक्झॉस्टसमोर. हार्डवेअरच्या दुकानातली जाड टेप भिंतींसाठी ठीक आहे, इथे पातळ वाशी कागदाची टेप लागते. ती आधी हातावर एकदा चिकटवून चिकटपणा मारा, आणि काढताना वर न उचलता स्वतःवरच दुमडत, सावकाश ओढा.

प्रश्न : रंग पाण्यातला आहे, मग मास्क कशाला? (मडगाव)

उत्तर : वास नाही म्हणजे धोका नाही असं नव्हे. बारीक कण फुप्फुसात जातात आणि रंगद्रव्य पाण्यात विरघळत नाही. एन-95 पुरतो. अल्कोहोल किंवा लॅकर थिनर आला की मात्र ऑरगॅनिक व्हेपर कार्ट्रिजचा मास्क हवा.

प्रश्न : 1/72 (मूळच्या बहात्तराव्या हिश्शाएवढं) सी हॅरियर हे नौदलाचं लढाऊ विमान करतोय. बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयातलं विमान पाहून रंग जुळवू का? (वास्को)

उत्तर : आकार, पॅनेलच्या रेषा, चाकांचे कप्पे यांसाठी तिथे जरूर जा, इतकी सोय फार थोड्या गावांना आहे. रंगासाठी नको. उघड्यावर, ऊन आणि खाऱ्या वाऱ्यात उभ्या विमानाचा रंग विटतो, आणि वरून पुन्हा रंगरंगोटी होते ती संग्रहालयाच्या सोयीने. 1983 मध्ये दाबोळीच्या नौदल तळावर आलेली विमानं वरून एक्स्ट्रा डार्क सी ग्रे (ब्रिटिश मानक 381सी, क्रमांक 640) आणि खालून पांढरी होती. नंतर रंगसंगती करडी झाली. म्हणून आधी वर्ष ठरवा आणि त्या वर्षाचे सेवेतले फोटो शोधा. 2016 मध्ये निवृत्त होताना ती वेगळीच दिसत होती.

पांढरा आधी मारा, पांढऱ्याच प्रायमरवर, चार-पाच झिरझिरीत थरांत. एका दमात झाकायला गेलात तर कडांना साचतो. मग पांढरा झाकून वरचा करडा. 1/72 ला करड्यात एक दशांश फिका करडा मिसळा, नाहीतर छोटं मॉडेल काळंच दिसतं. डेकलआधी (पाण्यात भिजवून चिकटवायच्या चिन्हांआधी) ग्लॉस, म्हणजे चकचकीत, वॉर्निश हवं. मॅट पृष्ठभागावर डेकलखाली हवा अडकते आणि चंदेरी चट्टे उठतात. शेवटचं मॅट वॉर्निश मात्र मुसळधार पावसाच्या दिवशी नको, पांढुरकं धुकं धरतं. ढग उघडेपर्यंत, फार तर चवथ होईपर्यंत, मॉडेल डब्यात झाकून ठेवा.

प्रश्न : कपात बुडबुडे येतात. (पेडणे)

उत्तर : नोझल सैल आहे, त्याच्या बुडाशी सील बसलेलं नाही किंवा नोझलला चीर गेली आहे. भिंगातून पाहा. पिळून घट्ट करायला जाऊ नका, 0.3 चं नोझल तिथेच तुटतं. आणि सुई मळकी असताना मागे ओढू नका, रंग मागच्या पॅकिंगमध्ये शिरतो आणि ट्रिगर अडकतो. आधी क्लीनरने कप धुवा, मग नोझल काढून सुई पुढून काढा.