सातवी-आठवीच्या मुलांकडून साध्या यंत्रांचे साखळी-यंत्र कसे करवून घ्यावे?

साखळी-यंत्र म्हणजे तरफ, कप्पी, उतरण अशी साधी यंत्रे एकापुढे एक जोडून, एका टप्प्याने पुढचा सुरू करत शेवटी एखादे काम करणारी रचना. तिची सुरुवात शेवटापासून करावी. घंटा वाजवणे हे अंतिम काम ठरले, तर घंटेला धडकणारा भाग मुलांनी आधी बांधावा आणि मग एकेक टप्पा मागे जोडत यावे. उतरणीसाठी पुठ्ठा, कप्पीसाठी दोऱ्याचे रिकामे रीळ आणि तरफेसाठी ३० सेंटिमीटरची पट्टी पुरते. टेकू एका टोकापासून १० सेंटिमीटरवर ठेवला, तर पट्टीचे स्वतःचे वजन बाजूला ठेवता, लांब भुजेच्या टोकावरील १० ग्रॅम वजन आखूड भुजेच्या टोकावरील २० ग्रॅमला तोलून धरते. हे मुलांनी स्वतः नाणी ठेवून पाहावे.

यंत्र अडते ते बहुधा दोन टप्प्यांच्या सांध्यावर, कारण घर्षणामुळे उतरणीवरून सोडलेल्या गोटीचा जोर तिथवर संपलेला असतो. म्हणून प्रत्येक टप्प्याची ऊर्जा त्याच्यातच साठवलेली असावी: टांगलेले वजन, उभी सोंगटी किंवा उतरणीच्या माथ्यावर अडवलेली दुसरी गोटी, जिला आधीच्या टप्प्याने फक्त मोकळे करायचे आहे. प्रत्येक सांधा दहा वेळा तपासून नोंद ठेवायला लावा आणि बिघाड शोधण्याचे काम, कितीही मोह झाला तरी, मुलांच्या हातून काढून घेऊ नका.