बारीक रेघ सांभाळताना

प्रश्न : मुलीच्या लग्नपत्रिकेत इंग्रजी मजकुरासाठी बोडोनी फॉन्ट घेतला. संगणकावर देखणा दिसला, पण मरून रंगाच्या पाकिटावर पांढरा पत्ता तुटक उमटला. चूक छापखान्याची का? (लातूर)

उत्तर : छापखान्याला दोष देऊ नका. बोडोनीचा सगळा तोरा जाड उभ्या दांडीत आणि तिला बिलगलेल्या केसाएवढ्या रेघेत आहे. गडद रंगात अक्षर रिव्हर्स टाकलं, म्हणजे अक्षराची जागा कोरी सोडून भोवती रंग छापला, की शाई कडेनं आत पसरते आणि ती रेघ आधी बुजते. इटलीत पार्मा शहरी जांबातिस्ता बोडोनी (१७४०–१८१३) काम करायचा तो खिळ्यांचा, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांचा काळ. प्रत्येक आकाराचा ठसा वेगळा कोरला जाई, त्यामुळे लहान अक्षराची बारीक रेघ जरा भरीव ठेवता यायची. आता मोठ्या आकारासाठी काढलेलं अक्षरच आपण ९ पॉइंटवर आणतो. बिचारी रेघ टिकणार कशी? वधूवरांची नावं मोठी, बोडोनीतच ठेवा. पत्ता साध्या, एकसारख्या जाडीच्या फॉन्टमध्ये घ्या. बोडोनीच हवा असेल तर 'बोडोनी मोडा' हा मोफत फॉन्ट पाहा, त्यात लहान आकारासाठी वेगळी घडण आहे.

प्रश्न : पैठणीच्या दुकानाची पाटी 'प्लेफेअर डिस्प्ले'मध्ये करतोय. मराठी नाव त्यात वेगळंच का दिसतं? (पैठण)

उत्तर : कारण त्या फॉन्टमध्ये देवनागरी नाहीच. तुम्ही मराठी टाइप करता तेव्हा संगणक दुसराच फॉन्ट लावतो. इंडियन टाइप फाउंड्रीचा 'रोझा वन' वापरून पाहा; तोही मोफत आहे आणि त्यात देवनागरी व रोमन एकाच घरातली वाटतात.

इथे एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. आपलं जाड-बारीक बोरूच्या तिरक्या कापातून आलं आणि त्याचा कल रोमनच्या उलट आहे. बोडोनीत आडव्या रेघा बारीक असतात. तोच नियम कुणी आपल्या शिरोरेघेला लावला, तर शब्द बांधून ठेवणारी दोरीच सुटते. म्हणून मराठी फॉन्ट निवडताना आधी शिरोरेघ बघा, मग वेलांटीचं टोक आणि रफार. पाटी रस्त्याच्या पलीकडून वाचता आली पाहिजे. तेवढ्या अंतरावर उभं राहून नमुना पाहिल्याशिवाय ऑर्डर देऊ नका.

प्रश्न : कवितासंग्रहाच्या मुखपृष्ठावर बोडोनीसारखी जाड-बारीक अक्षरं घेतली आहेत. आतूनही असाच छापू का? (परभणी)

उत्तर : नको. मुखपृष्ठ आणि कवितांची शीर्षकं, बस्स.

प्रश्न : बोडोनीसारखी अक्षरं महागडी का वाटतात? (छत्रपती संभाजीनगर, उपयोजित कलेची विद्यार्थिनी)

उत्तर : एकेकाळी ती खरोखरच महाग पडत. खडबडीत कागदावर इतकी नाजूक रेघ उमटत नसे. बर्मिंगहॅमचा मुद्रक जॉन बास्करव्हिल यानं १७५७ साली छापलेल्या लॅटिन कवी व्हर्जिलच्या पुस्तकासाठी गुळगुळीत कागद वापरला, तेव्हा वाट मोकळी झाली. पॅरिसचं दिदो हे मुद्रक घराणं आणि बोडोनी त्याच वाटेनं पुढे गेले. पुढे फॅशनच्या मासिकांनी दिदोच्या वळणाची अक्षरं उचलली आणि डोळ्याला सवय लागली. तुमच्या प्रोजेक्टला आर्ट पेपर घ्या, अक्षरांभोवती कोरी जागा भरपूर सोडा आणि फोटोवर ही अक्षरं अजिबात टाकू नका.