1978 ची प्रीमियर पद्मिनी पुन्हा उभी करताना कोणते इंजिन बसवावे?

आजोबांची 1978 सालची प्रीमियर पद्मिनी आपण पुन्हा रस्त्यावर आणत आहात, पत्र्याचे काम संपत आले आहे, पण इंजिन धूर टाकते आणि चढावर तापते. म्हणून ते काढून प्रीमियरच्याच 118 एनई या गाडीचे, मारुती जिप्सीचे किंवा एखादे डिझेल इंजिन बसवावे का, असा आपला प्रश्न आहे. वडिलांच्या 1983 च्या पद्मिनीचे काम करताना कोल्हापुरात मी याच प्रश्नावर जवळजवळ वर्षभर अडकलो होतो. माझे मत आधीच सांगतो: मूळ इंजिन बांधून घ्या, आणि ब्लॉकच (इंजिनाचा सिलिंडर असलेला मुख्य सांगाडा) निकामी झाला असेल तर त्याच जातीचे, म्हणजे 1089 सीसीचेच, दुसरे इंजिन शोधा.

आपल्या प्रश्नात इंजिन बदलण्याचे तीन पर्याय आहेत, पण जुन्या इंजिनाला नेमके काय झाले आहे ते कोणी मोजून पाहिल्याचा उल्लेख नाही. धूर टाकणे आणि तापणे ही दोन वेगळी दुखणी असू शकतात. सकाळी गाडी चालू करताना निळा धूर येऊन थोड्या वेळाने थांबत असेल, तर व्हॉल्व्हच्या गाइड झिजल्या असण्याची शक्यता जास्त असते. चढावर जोर देताना सतत निळा धूर येत असेल, तर पिस्टनच्या रिंगा आणि बोअर, म्हणजे पिस्टन ज्यात फिरतो ते सिलिंडरचे भोक, यांच्याकडे पाहावे लागते. आणि इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर येत राहून रेडिएटरमधले पाणी कमी होत असेल, तर हेड गॅस्केट, म्हणजे ब्लॉक आणि त्यावरचे झाकण (हेड) यांच्यामधले पॅकिंग, तपासावे.

यासाठी कंप्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो ते, मोजून घ्या. इंजिन गरम करून चारही प्लग काढावेत, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरावा आणि प्रत्येक सिलिंडरला गेज लावून सेल्फ मारावा. एखाद्या सिलिंडरचा आकडा कमी आला, तर प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑईल आत सोडून पुन्हा मोजावे. आकडा वर चढला तर दोष रिंगांचा किंवा बोअरचा आहे, तसाच राहिला तर व्हॉल्व्हचा किंवा गॅस्केटचा, आणि शेजारशेजारच्या दोन सिलिंडरांचे आकडे एकदमच पडलेले असतील तर बहुधा त्या दोघांमधले गॅस्केट फुटलेले असते. एवढ्या तासाभराच्या कामावर पुढचा सगळा खर्च ठरतो, म्हणून हे काम कोणावर सोपवून निघून जाऊ नका. स्वतः उभे राहून आकडे लिहून घ्या.

तापण्याचे कारण तर पुष्कळदा इंजिनाच्या पोटात नसतेच. वर्षानुवर्षे बोअरवेलचे क्षाराचे पाणी घातल्यामुळे रेडिएटरच्या नळ्या बुजलेल्या असतात आणि ब्लॉकमधल्या पाण्याच्या वाटांत गंजाचा गाळ साचलेला असतो. माझ्या गाडीच्या ब्लॉकच्या बाजूचे पत्र्याचे गोल प्लग काढले, तेव्हा मागच्या दोन सिलिंडरांच्या भोवती तपकिरी चिखल इतका घट्ट बसला होता की तो तारेने टोकरून काढावा लागला. पुढचे सिलिंडर थंड आणि मागचे भाजून निघत आहेत, अशी ती अवस्था होती. नवे इंजिन आणून त्याच बुजलेल्या रेडिएटरला जोडले असते, तर तेही तापलेच असते.

आता मूळ इंजिनाविषयी. 68 मिमीचा बोअर आणि 75 मिमीचा स्ट्रोक असलेले, पुशरॉडवर चालणारे, बिडाच्या ब्लॉकचे आणि ॲल्युमिनियमच्या हेडचे हे चार सिलिंडरचे इंजिन सुमारे 40 अश्वशक्ती देते. आजच्या मानाने ती कमी वाटते हे मला मान्य आहे. परंतु गाडीचा गिअरबॉक्स, मागचा ॲक्सल, पाट्यांचे स्प्रिंग आणि चारही चाकांचे ड्रम ब्रेक हे सर्व त्या 40 अश्वशक्तीच्या हिशेबाने बेतलेले आहे. शिवाय मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी अनेक दशके याच गाडीच्या असल्यामुळे हे इंजिन बांधण्याचे ज्ञान आपल्याकडे रुजलेले आहे. ऑक्टोबर 2023 मध्ये शेवटच्या पद्मिनी टॅक्सीने रस्ता सोडला, तरी ते इंजिन ज्यांनी हाताने शेकडो वेळा उघडले आहे असे मिस्त्री अजून आहेत. त्यांचे हात चालते आहेत तोवरच हे काम करून घ्यावे असे मला मनापासून वाटते.

माझा ब्लॉक मी उद्यमनगरातल्या एका मशीन शॉपमध्ये नेला होता. तिथल्या वयस्कर कारागिराने आधी हाताला लागेल तो घाण कपडा बाजूला ठेवून स्वच्छ कपड्याने बोअर पुसले, मग डायल गेज सिलिंडरमध्ये सोडून ती वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी, प्रत्येक ठिकाणी आडवी आणि उभी धरून पाहिली. चौथ्या सिलिंडरच्या वरच्या भागात काटा एका दिशेला सरकला. म्हणजे बोअर गोल न राहता लंबगोल झाला होता. त्यानंतर त्यांनी जुना पिस्टन उलटा धरून त्याच्या माथ्यावरचा कार्बन नखाने खरवडला आणि खाली कोरलेला ओव्हरसाइजचा, म्हणजे मूळ मापापेक्षा पिस्टन किती मोठा आहे त्याचा, आकडा मला दाखवला. ब्लॉक आधीच शेवटच्या मापापर्यंत बोअर झालेला होता. मला वाटले की संपले, आता दुसरे इंजिन बघावे लागणार, पण ते म्हणाले, "लाइनर टाकू, पिस्टन पुन्हा स्टँडर्ड बसेल." चार लाइनर, म्हणजे सिलिंडरच्या आत बसणाऱ्या नव्या नळ्या, ठोकून, पुन्हा मूळ मापाला बोअर करून, क्रँक ग्राइंड करून आणि त्या मापाची बेअरिंगे घालून ते इंजिन आजही चालते आहे. त्याआधी एका गॅरेजने हाच ब्लॉक न मोजता "भंगारात घाला" असे सांगितले होते. त्या सल्ल्यावर मी गेलो असतो, तर वडिलांच्या आरसी बुकात लिहिलेला इंजिन क्रमांक कायमचा गेला असता.

तरीही आपण विचारलेल्या पर्यायांना उत्तर देणे आवश्यक आहे. 118 एनईमध्ये निसानचे ए-12 हे 1171 सीसीचे इंजिन होते. ते उभे बसणारे आणि मागच्या चाकांना ताकद देणारे आहे, त्यात क्रँकला पाच बेअरिंगे आहेत, त्यामुळे ते वरच्या फेऱ्यांवर पद्मिनीच्या इंजिनापेक्षा निश्चितच शांत चालते. यांत्रिक दृष्टीने तिन्हींमध्ये हाच पर्याय योग्य आहे. मात्र इंजिनासोबत त्याचा गिअरबॉक्सही घ्यावा लागतो, म्हणजे स्टिअरिंगजवळचा गिअरचा दांडा जाऊन जमिनीवर गिअर येतो, मधला पत्रा कापावा लागतो, माउंटिंग नव्याने बनवावी लागतात आणि प्रोपेलर शाफ्टची लांबी बदलून तो पुन्हा बॅलन्स करून घ्यावा लागतो. ज्या गाडीत आजोबा डाव्या हाताने स्टिअरिंगजवळचा दांडा ओढत गिअर टाकत होते, त्या गाडीतून तो दांडाच काढायचा का, हे आपण घरच्यांसोबत बसून ठरवावे.

जिप्सीचे 1298 सीसीचे इंजिन ॲल्युमिनियमच्या ब्लॉकचे असल्यामुळे हलके आहे, आणि त्याचे सोळा व्हॉल्व्हचे एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल सोडणारे) रूप सुमारे 80 अश्वशक्ती देते. हा आकडा मोहात पाडतो. माझ्या एका मित्राने ते आपल्या पद्मिनीत बसवले आहे आणि कामही सुबक झाले आहे: टाकीत पंप, इसीयू (इंजिन चालवणारा संगणक), सेन्सर, नवी वायरिंग, सर्व काही. मी ती गाडी आंबा घाटात, आंब्याहून साखरप्याकडे उतरताना चालवली. सपाटीवर ती अप्रतिम पळाली होती, पण घाटात दोन वळणांच्या मध्ये ती नकळत इतका वेग घेत होती की चौथ्या-पाचव्या वळणाला ब्रेकचे पेडल दाबावे तसे खोल जाऊ लागले आणि लायनिंग जळाल्याचा वास आत आला. आम्ही गाडी कडेला घेऊन ड्रम थंड होईपर्यंत अर्धा तास उभे राहिलो. पुढे त्याने डिस्क ब्रेक बसवले, मग त्यासाठी पुढचे हब बदलले, मग मागच्या ॲक्सलचा आवाज येऊ लागला. इंजिन दुप्पट ताकदीचे केले की गाडीचा एकेक भाग त्याच्या मागे बदलावा लागतो, आणि शेवटी माझ्या इंजिनकामाच्या कितीतरी पट खर्च त्याचा झाला.

डिझेलचा विचार सोडून द्यावा. प्रीमियरने स्वतः 1366 सीसीचे डिझेल इंजिन घालून पद्मिनी 137 डी काढली होती हे खरे आहे, पण ते कारखान्यातून तसेच नोंदले गेलेले वाहन होते. आपल्या पेट्रोल गाडीत डिझेल इंजिन बसवले, तर वजन, थरथर आणि कागदपत्रे या तिन्हींचा त्रास आपल्या वाट्याला येईल.

कागदपत्रांचा मुद्दा मी मुद्दाम विस्ताराने मांडतो, कारण गॅरेजमध्ये याबद्दल कोणी बोलत नाही. मोटार वाहन अधिनियम 1988 च्या कलम 52 नुसार, उत्पादकाने मुळात नमूद केलेल्या तपशिलांशी आरसीवरील तपशील जुळणार नाहीत असा बदल मालकाला वाहनात करता येत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधून आलेल्या एका प्रकरणात हीच भूमिका ठामपणे मांडली. सीएनजी किंवा विजेवर चालवण्यासाठी मान्यताप्राप्त संच बसवण्याची सोय कायद्यात आहे. वेगळ्या बनावटीचे जास्त ताकदीचे इंजिन बसवणे ही गोष्ट त्यात बसत नाही. याउलट त्याच जातीचे दुसरे इंजिन आणून परिवहन कार्यालयाच्या परवानगीने त्याचा क्रमांक आरसीवर चढवून घेता येतो, मात्र त्यासाठी इंजिन कोणत्या गाडीतून निघाले याचे बिल आणि कागद हातात हवेत. कागद नसलेले इंजिन कितीही चांगले वाजत असले तरी घेऊ नका. नोंद नसलेल्या इंजिनासह अपघात झाला, तर विमा कंपनीला दावा नाकारण्यास ते कारण पुरते.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे आपल्या गाडीचे वय. 2021 मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत व्हिंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणी आली. पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षे झालेले आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल न केलेले वाहन त्यासाठी पात्र ठरते. अशा नोंदणीची गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही, हे खरे. त्यामुळे आपण तो मार्ग घ्याल किंवा घेणार नाही. पण आपली गाडी 1978 मध्येच नोंदलेली असेल, तर 2028 मध्ये ती पात्रतेच्या उंबरठ्यावर येते, आणि आज जिप्सीचे इंजिन बसवले तर तो उंबरठा आपण स्वतःच बंद करता.

मूळ इंजिन बांधताना आजच्या पेट्रोलचा विचार मात्र जरूर करा. पंपावरील पेट्रोलमध्ये आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि ते जुने रबर फुगवते व मऊ करते. म्हणून पेट्रोलच्या सर्व नळ्या, पंपाचा डायफ्रॅम आणि कार्बोरेटरची गॅस्केटे इथेनॉल सोसणारी घ्या. इंजिन दमल्यासारखे चालत असेल, तर कार्बोरेटरचा जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारे बारीक छिद्र, किंचित मोठा करावा लागतो. पावसाळ्यात गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल, तर टाकीत तसेच पेट्रोल ठेवू नका, कारण इथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते. हेड उतरलेलेच असेल, तर व्हॉल्व्हच्या सीट शिसेविरहित पेट्रोलला टिकतील अशा कठीण धातूच्या बसवून घ्या. ही गाडी शिसेयुक्त पेट्रोलच्या काळातली आहे आणि ते पेट्रोल 2000 पासून मिळत नाही.

इंजिन बांधून झाल्यावर पहिले हजारभर किलोमीटर ताशी 50 च्या आसपासच चालवा, पण एकाच वेगाने सलग ओढू नका. पाचशे किलोमीटरला ऑईल बदला, आणि त्याच वेळी थंड इंजिनावर हेडचे बोल्ट क्रमाने पुन्हा आवळून टॅपेट लावून, म्हणजे व्हॉल्व्हची फट जुळवून, घ्या. हेडचे बोल्ट आवळल्यावर टॅपेटची फट बदलते, म्हणून हा क्रम उलटा करू नका.